बांधलेल्या तलावाला धबधब्याची जोड

पावसाळ्यात कुंटाल्याला जाणाऱ्या माणसाला धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. आदिलाबाद जिल्ह्यातील कडेम नदी तेथे टप्प्याटप्प्याने सुमारे ४५ मीटर खाली उतरते. मुधोळच्या सपाट काळ्या रानात असा कडा नाही. त्यामुळे घराच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधलेल्या गृहस्थाला तो आवाज आपल्या दारी आणण्याची हौस वाटली, तर त्यात नवल नाही. तलाव आहे, पाणी आहे, काठावर चार दगड रचले की धबधबा झाला, असा त्याचा समज असतो. परंतु पाणी पडावयाचे, तर ते आधी चढले पाहिजे. आणि सारा प्रश्न या चढण्याचा आहे.

मुधोळ पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हा प्रश्न अठराव्या शतकात सुटलेला दिसतो. तेथील पाणचक्कीसाठी दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले. उगम उंचावर असल्यामुळे ते स्वतःच्या दाबाने उंच भिंतीत चढे आणि तेथून खालच्या हौदात कोसळे. त्याच जोरावर जाते फिरून फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी दळण होई. तेथे पाणी चढविण्याचे काम डोंगराने केले. मुधोळच्या तलावाला डोंगर नाही. म्हणून ते काम पंपाने करावे लागते, आणि धबधबा चालू असेतोवर अखंड करावे लागते.

किती पाणी लागेल, याचा हिशेब कठीण नाही. धबधब्याचा सांडवा २ मीटर रुंद असून त्यावरून १५ मिलिमीटर जाडीचा थर वाहावा अशी इच्छा असेल, तर मिनिटाला सुमारे ४०० लिटर, म्हणजे तासाला २४,००० लिटर पाणी वर गेले पाहिजे. थराची जाडी दुप्पट केली, तर पाणी दुप्पट नव्हे, जवळजवळ पावणेतीनपट लागते. तलावाच्या गाळणीला जोडलेल्या पंपावरच हा भार टाकला, तर धबधबा बारीक होतो आणि पाणी नीट गाळलेही जात नाही. यासाठी वेगळा पंप हवा. नळ अरुंद घेणे ही खोटी काटकसर होय. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून न्यावयाचे, तर घर्षण सुमारे तीसपट वाढते. वरील हिशेबास ७५ मिलिमीटरचा नळ योग्य.

सांडव्याची कड पाणसळीत असणे अत्यंत महत्त्वाचे. त्या दोन मीटरांत एक टोक ५ मिलिमीटरने खाली राहिले, तर तिकडून दुसऱ्या टोकाच्या दीडपटीहून अधिक पाणी जाते. मग पडदा तुटतो आणि एका बाजूने नुसती धार लागते. कडेमागे लहानशी कुंडी ठेवून नळाचे पाणी आधी तिच्यात सोडावे. तेथे त्याची खळबळ निवते आणि ते शांतपणे कडेवरून उतरते.

खरा धोका मात्र जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एक घनमीटर काळ्या दगडाचे वजन अडीच टनांहून अधिक भरते. असा ढीग तलावाच्या काठावरच रचला, तर भिंत एका बाजूने दबते, चीर पडते, आणि गळती लक्षात येईपर्यंत खालची माती भिजून आणखी फुगलेली असते. म्हणून धबधब्याच्या भिंतीला स्वतःचा पाया असावा. ती व तलाव यांच्यामध्ये फट ठेवून ती लवचीक लांबीने भरावी, म्हणजे दोन्ही बांधकामे आपापल्या परीने हलू शकतात.

पंपाचा ओढनळ बसविण्यासाठी तलावाच्या भिंतीला भोक पाडावयाचे असेल, तर तलाव रिकामा करावा लागतो. हे काम पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच कधीही करू नये. भूजल वर आलेले असताना रिकामा तलाव नावेसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. पाणी खोल गेलेले असते ते उन्हाळ्याचे दिवसच यासाठी बरे.

तेच पाणी फिरत राहते, म्हणून खर्च नाही, असेही मानू नये. तलावाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर असेल आणि कोरड्या उन्हात दिवसाकाठी पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर ५०० लिटर पाणी गेले. धबधब्याचे तुषार वाऱ्याबरोबर उडतात, त्याने ही घट वाढते. शिवाय कोसळणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याची अल्कता वाढते, क्लोरीनचा प्रभाव उतरतो आणि जड पाण्याचा पांढरा थर दगडांवर बसतो. पाण्याची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक वेळा करावी लागते.

विजेच्या बाबतीत हयगय करणे जिवावर बेतते. पंप पाण्यापासून दूर, कोरड्या जागी असावा. त्याला पक्के अर्थिंग हवे आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारी कळ हवी. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. ओढनळाचे तोंड एकच नसावे. परस्परांपासून दूर अशी दोन तोंडे, त्यांवर घट्ट जाळ्या, म्हणजे पोहणाऱ्या मुलाचे केस वा अंग एकाच जागी ओढले जात नाही.

एवढे सांभाळता येत असेल, तर हौस पुरवावी, मात्र बेताची. मीटरभर रुंदीचा, छातीइतक्या उंचीचा धबधबा आवाजाला पुरतो. तो दिवसभर न चालवता उन्हे उतरल्यावर तासभर चालवावा. आणि ज्या वैशाखात शेजारची विहीर तळाला जाते, त्या वैशाखात पंपाची कळ बंदच ठेवावी. कुंटाल्याची धारही त्या दिवसांत बारीक झालेली असते.