चोवीस हेक्टरांची राखण

फिजीची सगळी जमीन मिळून साधारण 18 हजार चौरस किलोमीटर भरते, आणि तीही 300हून अधिक बेटांवर विखुरलेली. या देशाच्या हक्काचा समुद्र मात्र सुमारे 12.9 लाख चौरस किलोमीटर! चार महाराष्ट्र त्यात मावतील आणि वर जागा उरेल. लोकसंख्या जेमतेम 9 लाख. एवढ्या पाण्यावर सरकारने राखण ठेवायची तरी कशी?

किनाऱ्यालगतचं पाणी तिथे पूर्वापार गावकीच राखत आली आहे. कोणत्या कुळांनी कुठे मासेमारी करायची हे ठरलेलं असतं. अशा पाण्याला ते ‘गोलीगोली’ म्हणतात. एकूण 410 गोलीगोली आहेत; 385 समुद्रातली, 25 गोड्या पाण्यातली.

विती लेवू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर उथुनिवानुआ नावाचं गाव आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात तिथल्या बायका काइकोसो वेचतात. हा तिसऱ्यांसारखा शिंपला. तो गावाचं कुलचिन्हही आहे. पूर्वी काही तासांत पिशवी भरायची. 1990च्या दशकात दिवसभर चिखल तुडवूनही अर्धी पिशवी हाती लागेना, आणि तीही बारक्या शिंपल्यांची.

1997 साली गावाने 24 हेक्टर चिखल आणि समुद्री गवत तीन वर्षांसाठी बंद केलं. देशाचा समुद्र या तुकड्याच्या पन्नास लाख पटींहून मोठा आहे. राखणीला गावातलीच 20 बाया-माणसं नेमली. साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या मंडळींनी त्यांना शिंपले मोजायला शिकवलं: दोरी धरून ठरावीक पट्टा आखायचा, त्यातला प्रत्येक शिंपला मोजायचा, त्याची रुंदी लिहून ठेवायची.

2004पर्यंत बंद तुकड्यातले काइकोसो 13 पट झाले. शेजारच्या खुल्या चिखलात ते 5 पट वाढले. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण घरच्या भांड्यात पडतात ते शिंपले याच चिखलातले. राखलेल्या जागेत शिंपले मोठे होतात, अंडी सोडतात, आणि त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पलीकडच्या चिखलात रुजतात. पूर्वी 5 सेंटिमीटरचा शिंपला विरळा होता. आता 8 सेंटिमीटरचे सहज सापडू लागले.

तीन वर्षांची ती बंदी गावाने पुढे बेमुदत केली.