प्रश्न विचारणाऱ्यांचं प्रशिक्षण

घरातल्या हिंसेविरुद्धचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. पोलीस आणि न्यायाधीशांनाही या विषयाचं प्रशिक्षण वेळोवेळी द्यावं, असं त्याचं कलम ११ सांगतं. हे कलम फारसं कुणी वाचत नाही.

महाराष्ट्रात अशा हिंसेविरुद्धचं काम कायद्याच्या आधीपासून चालू आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००मध्ये हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे मदत केंद्र सुरू झालं. तिथे डॉक्टर-परिचारिकांना शिकवलं गेलं की, ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईची जखम पडण्याशी जुळते का ते पाहा, आणि नवरा-सासूला बाहेर बसवूनच तिच्याशी बोला.

पण भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात मुंबईतले प्रश्न जसेच्या तसे चालणार नाहीत. इथे घराघरांत झाडीबोली, पोवारी बोलतात. पुस्तकी मराठीत विचारलं, तर उत्तर हमखास ‘सगळं बरं आहे’. मारहाणीआधी रोजच्या व्यवहाराचं विचारावं: विडीची किंवा आंधळगावच्या कोसा रेशमाच्या विणकामाची मजुरी कुणाच्या हातात पडते? माहेरी जाऊ देतात का? तिचीच कमाई हिसकावणं, स्त्रीधन अडवणं ही २००५च्या कायद्याच्या कलम ३नुसार आर्थिक हिंसा आहे. जातीच्या बैठकीत समेट झाला, म्हणून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने बाईचा अर्ज परतवू नये. गावकीचा दबाव ओळखणं हाही प्रशिक्षणाचा धडा हवा.

महिला हेल्पलाइन : १८१. वकील मोफत मिळतो. त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही.