शिवसागराच्या काठी, हरणाच्या मागावर

सांबर, चितळ, भेकर बघायला मीरा-भाईंदरकरांना लांब जावं लागत नाही; घोडबंदरजवळ वसईच्या खाडीला टेकलेलं नागल्याचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. पण डोंगर, तलाव आणि होडी असा बेत असेल तर कोयनेचा शिवसागर गाठावा. बंदूक मात्र विसरा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती, १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. सापळा लावणं, आमिष ठेवणं, जनावर हाकणं हीसुद्धा कायद्याने शिकारच.

शिवसागराकाठच्या बामणोलीत वनखात्याचा परवाना काढून बोटीने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी उतरायचं. पावसाळ्यात ही वाट बंद. प्लॅस्टिकची झडती होते, व्हायलाच हवी. दिवस मावळायच्या आत परतायचं असतं, म्हणून सकाळची पहिलीच बोट धरा.

पाणी ओसरलेल्या ओल्या मातीत सांबराचे दुभंगलेले खूर उमटतात. ठशाची कड धारदार असली तर जनावर नुकतंच गेलंय. कड ढासळून आत पाचोळा पडला असेल तर माग शिळा. रानात कुत्रं भुंकल्यासारखं वाटलं तर ते बहुधा भेकर. तेव्हा गप्प उभं राहावं, आणि वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत नाही ना, तेवढं पाहावं.