गारगोटी उजवी की डावी?

महाराष्ट्रातल्या केदारखेडा गावाच्या परिसरातला खडक बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. दख्खनच्या या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी वाढते. तिच्यात सिलिकाची रचना मळसूत्र घालत जाते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. ही दोन रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. कशीही फिरवली तरी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाला मात्र डावे-उजवे नसते. वळण ठरते ते स्फटिक बांधला जाताना, आणि ठरवतो तो निव्वळ योगायोग. म्हणूनच जगभरच्या गारगोट्यांत दोन्ही वळणे जवळपास सारखीच सापडतात.

सोडियम क्लोरेट या क्षाराचेही तसेच. द्रावण स्वस्थ ठेवून पाणी उडू दिले, तर सरासरी निम्मे स्फटिक डावे, निम्मे उजवे. १९९० मध्ये अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ दिलीप कोंडेपुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच द्रावण सतत ढवळले. जवळपास प्रत्येक भांड्यात ९९ टक्क्यांहून अधिक स्फटिक एकाच वळणाचे निघाले! कोणते वळण, ते भांड्यागणिक वेगळे.

इथे पहिला स्फटिक विरजणाचे काम करतो. ढवळताना त्याच्यापासून सूक्ष्म कण सुटतात, सगळे त्याच्याच वळणाचे, आणि त्यांचे नवे स्फटिक होतात. द्रावणातला क्षार इतक्या झपाट्याने खर्ची पडतो की उलट्या वळणाच्या स्फटिकाला नव्याने जन्म घ्यायला वावच उरत नाही.

२००५ मध्ये स्पेनच्या क्रिस्टोबाल व्हिएड्मा यांनी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. याच क्षाराचे दोन्ही वळणांचे तयार स्फटिक संपृक्त द्रावणात काचेच्या मण्यांसह घोटत ठेवले, तर शेवटी एकच वळण शिल्लक राहते. बारीक कण विरघळतात आणि विरघळताच आपले वळण विसरतात. तो क्षार मोठ्या स्फटिकांवर बसतो. ज्या बाजूचे पारडे किंचित जड, ती वाढत जाते. नेमके कसे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मला यातले मोल वाटते ते हे, की इथे बाहेरून कोणीही दिशा देत नाही.

औषधांसाठी याचे महत्त्व मोठे आहे. नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाच्या रेणूलाच डावे-उजवे वळण असते, आणि त्यातले एकच औषध म्हणून वापरतात. २००९ मध्ये त्याच्या मिथिल एस्टर या साधिताचे दोन्ही वळणांचे मिश्रण घोटून ते पूर्णपणे हव्या वळणाचे करता आले. अटी दोनच: रेणूने द्रावणात वळण बदलले पाहिजे आणि दोन्ही वळणांचे स्फटिक वेगवेगळे बनले पाहिजेत. बहुतेक रेणू या दुसऱ्या अटीवरच अडतात.