अर्ध्या अंशाचा खेळ

"तीन डावांत मिळून तीस धावा. आता बसवा म्हणावं त्याला!" कसोटी मालिका सुरू असली की बीडच्या कुठल्याही हाटेलात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. पलीकडच्या बाकावरून लगेच उत्तर येतं, "आरं, बॉल काय पडला होता ते बघ की. त्याच्या जागी कोण बी असतं तरी गेलंच असतं." झालं, दोन तट पडतात. 2025 च्या जून ते ऑगस्टमध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी खेळला, तेव्हा करुण नायरला ठेवायचं की काढायचं आणि कुलदीप यादवला पाचही सामने बाहेर कामून बसवलं, यावर असंच रान पेटलं होतं.

मला या वादाचं फार कौतुक वाटतं. चहाच्या टेबलावर ही मंडळी ज्या प्रश्नाशी झुंजत असतात, त्याच प्रश्नाशी शरीरशास्त्रज्ञ आणि गणितीही झुंजत आले आहेत: एखादा माणूस अपयशी ठरतो, तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा वाटा किती आणि योगायोगाचा किती? उत्तर शोधायला लागलो की खेळपट्टीवर काय विलक्षण घडत असतं ते दिसू लागतं.

आधी चेंडूपासून सुरुवात करू. ताशी 135 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. त्याचा टप्पा फलंदाजाच्या पुढे सहाएक मीटरवर पडला असं धरा. यालाच आपण गुड लेंथ म्हणतो. टप्प्यापासून बॅटपर्यंत यायला त्याला उरतो सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. बॅटची रुंदी नियमानुसार जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर, म्हणजे मधोमध लागणारा चेंडू आणि कड घेणारा चेंडू यांत पाच सेंटिमीटरांचं अंतर. सहा मीटरांच्या प्रवासात पाच सेंटिमीटर बाजूला जायला चेंडूने किती वळावं लागतं? अर्धा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा पाच सेकंदांत जेवढा फिरतो तेवढा. डोळ्यांनी बघून कळणारसुद्धा नाही.

आता माणसाकडे वळू. ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लाउड यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू टप्प्यानंतर कुठे वळेल याचा अंदाजच येऊ नये असा पृष्ठभाग त्यांनी तयार केला आणि त्यावर कसोटीच्या दर्जाच्या फलंदाजांना खेळायला लावलं. निष्कर्ष असा निघाला की चेंडू वळल्याचं डोळ्यांनी टिपून बॅटची दिशा बदलायला या फलंदाजांनाही सेकंदाचा पाचवा भाग लागतोच. रस्त्यावरच्या कुणालाही लागतो तेवढाच. म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू अर्धा अंश हलला, तर जगातल्या सर्वोत्तम फलंदाजाच्याही हातात काही उरत नाही. तोवर बॅट आपल्या वाटेला लागलेली असते.

मग चांगला फलंदाज चांगला कशामुळे? मॅक्लाउड यांनीच मायकेल लँड यांच्यासोबत 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. आपल्याला लहानपणापासून सांगतात, चेंडूवरची नजर हलू देऊ नको. प्रत्यक्षात कुणीच तसं करत नाही. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो क्षणभर बघतो आणि मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून पुढे उडी घेते, जिथे टप्पा पडणार आहे त्या जागेवर जाऊन थांबते आणि चेंडूची वाट बघते. ज्याचा खेळ पक्का, त्याची नजर ही उडी लवकर घेते. चेंडू हवेत असतानाच भविष्य वाचायचं आणि बॅट त्या वाचलेल्या जागी न्यायची. हे वाचन हजारो चेंडू खेळून अंगात मुरतं. टप्प्यानंतरचा अर्धा अंश मात्र कुणालाच वाचता येत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकाच फलंदाजाने एकाच चेंडूवर एकसारखा फटका खेळला. एकदा चेंडू बॅटच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर लांबून गेला आणि समालोचक म्हणाला, "बीट झाला." दुसऱ्यांदा तो अर्धा सेंटिमीटर जवळून गेला, कड घेऊन दुसऱ्या स्लिपच्या हातात विसावला, आणि हाटेलात कुणीतरी म्हणालं, "फॉर्म गेलाय त्याचा."

इथून पुढचं काम अंकगणिताचं. समजा, एका फलंदाजाची सरासरी 40 आहे, त्याचा खेळ काडीमात्र बदललेला नाही, आणि बाद होण्याचा धोका प्रत्येक धावेला सारखाच आहे. तर 20 च्या आत बाद होण्याची त्याची शक्यता सुमारे 39 टक्के येते. पाच कसोटींच्या मालिकेत त्याला दहा डाव मिळाले, तर कुठेतरी सलग तीन डाव 20 च्या आत जाण्याची शक्यता? मी कागदावर मांडून बघितलं, ती निघते सुमारे 30 टक्के. दहा फलंदाज घेतले, दहाही उत्तम, दहांचाही खेळ जिथल्या तिथे. तरी त्यांतले तिघे एकाच मालिकेत "फॉर्म हरवलेले" दिसणार! प्रत्यक्षात तर डावाच्या सुरुवातीला, नजर बसायच्या आधी, धोका अधिकच असतो, म्हणजे हा आकडा वरच सरकेल.

म्हणून फॉर्म नावाचं काही नसतंच, असं मात्र मी म्हणणार नाही. पाय हलत नाहीत, डोकं बाहेरच्या बाजूला झुकतंय, सोडायच्या चेंडूला बॅट लागतेय, ही दुखणी खरी असतात. ती धावफलकावर दिसत नाहीत, एवढंच. आठ दिवस पाऊस उघडला म्हणून बीडचा शेतकरी दुष्काळ पडला असं म्हणत नाही. तो वावरात जाऊन माती उकरतो आणि ओल किती खोल आहे ते बघतो. फलंदाजाचीही ओल बघावी लागते. ती बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याने सोडलेले चेंडू. चेंडू सोडताना त्याने ऑफ स्टंप कुठे आहे हे ओळखलेलं असतं, टप्प्याचा अंदाज घेतलेला असतो आणि हात आवरलेले असतात. हे सगळं त्याच अर्ध्या सेकंदात. त्या बदल्यात धाव एकही मिळत नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण बीडच्याच माणसाने घालून दिलं आहे. संजय बांगरचा जन्म बीडचा, 1972 चा. महाराष्ट्र आणि मुंबईच्या युवा संघांतून वाट काढत तो अखेर रेल्वेकडून खेळू लागला आणि तिथेच त्याचं नाव झालं. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं. दोन महिन्यांनी नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध खालच्या क्रमांकावर येऊन नाबाद 100 काढल्या. ओळख अशी की मध्यमगती गोलंदाजी करणारा, चिवट, गरजेला उपयोगी पडणारा खेळाडू.

ऑगस्ट 2002 मध्ये भारत इंग्लंडमध्ये चार कसोटींची मालिका खेळत होता. लॉर्ड्सची कसोटी 170 धावांनी गेली होती, ट्रेंट ब्रिजची अनिर्णित राहिली होती. तिसरी लीड्सला, हेडिंग्लेच्या मैदानावर. ढगाळ हवा आणि हिरवट खेळपट्टी यांसाठी ते मैदान बदनाम. भारताने सलामीच्या वसीम जाफरला बाहेर ठेवलं आणि बांगरला आत घेतलं. आशिष नेहराच्या जागी अनिल कुंबळे आला. म्हणजे वेगवान गोलंदाजांच्या मैदानावर दोन फिरकीपटू आणि सलामीला कामचलाऊ माणूस. वर सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. डावपेच म्हणून आज ते धाडसी वाटतं. त्या सकाळी ते अनेकांना अविचारी वाटलं असेल, आणि तसं वाटणाऱ्यांचं फार चुकलं असतं असंही नाही.

सेहवाग 8 धावांवर गेला, फलकावर 1 बाद 15. समोर हॉगर्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. बांगर आणि राहुल द्रविड यांनी मग जे केलं, ते टीव्हीवरच्या झलकांत मावत नाही, कारण झलकांत चौकार दाखवतात. चेंडू टप्प्यावरून कधी आत येत होता, कधी बाहेर निघत होता. चुकलेला प्रत्येक चेंडू चुकला म्हणून विसरून जायचा, पुढचा पुन्हा कोऱ्या मनाने वाचायचा; जवळचा तेवढा खेळायचा, बाकीचे यष्टिरक्षकाकडे जाऊ द्यायचे. बांगरने 236 चेंडू खेळून 68 धावा काढल्या. दोघांची भागीदारी 170 ची. तो बाद झाला तेव्हा धावफलक 185 होता, आणि नव्या चेंडूची चकाकी, कडक शिवण, गोलंदाजांचे ताजे पाय यांतलं काहीही सकाळसारखं राहिलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. द्रविड 148, तेंडुलकर 193, गांगुली 128, भारत 8 बाद 628 वर डाव घोषित. इंग्लंड 273 आणि 309. भारत एक डाव आणि 46 धावांनी विजयी. कुंबळेने सामन्यात 7 बळी घेतले, बांगरनेही दुसऱ्या डावात 2. तीन शतकांच्या पंक्तीत 68 चा आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही. पण ती तीन शतकं ज्या मऊ पडलेल्या चेंडूवर उभी राहिली, तो मऊ करण्यात या माणसाच्या 236 चेंडूंचा केवढा वाटा होता! मला विचाराल तर बीडच्या क्रीडा संकुलात येणाऱ्या प्रत्येक पोराला हे 68 आणि 236 तोंडपाठ असायला हवेत.

द्रविडचा त्या वेळचा फॉर्म मात्र योगायोगाच्या हिशेबात बसवता बसत नाही. ट्रेंट ब्रिजला 115, लीड्सला 148, ओव्हलला 217 आणि मग मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध 100 वर जखमी निवृत्त: सलग चार डावांत चार शतकं. मुंबईच्या त्याच कसोटीत सेहवाग आणि बांगरने 201 ची सलामी दिली. सेहवाग 147, बांगर 55.

आणि दोन महिन्यांत बांगरची कसोटी कारकीर्द संपली. डिसेंबर 2002 मध्ये न्यूझीलंडला दोन कसोटी झाल्या, वेलिंग्टन आणि हॅमिल्टन. बांगर चारही डावांत अपयशी ठरला. हे खरं, पण चौकट बघा: त्या चार डावांत अख्ख्या भारतीय संघाची सर्वाधिक धावसंख्या होती 161. हॅमिल्टनला आपण 99 वर गडगडलो आणि न्यूझीलंड 94 वर. चेंडू टप्प्यावरून अर्ध्या अंशाहून कितीतरी जास्त हलत होता, दोन्ही बाजूंना. अशा चार डावांवरून माणसाचा फॉर्म ठरवायचा, तर मग लीड्सला अशाच हवेत सोडलेल्या चेंडूंचा हिशेब कुठे मांडायचा? बांगर 12 कसोटी खेळला, पुढे अनेक वर्षं भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता. पण हॅमिल्टननंतर त्याला पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि माझ्या मते तो निकाल फार लवकर लागला.

आता बीडमध्ये वादाला नवं नाव मिळालं आहे, सचिन धस. 6 फेब्रुवारी 2024 ला बेनोनीत 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 245 चं लक्ष्य असताना भारत 4 बाद 32 होता. त्याने 96 काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर 171 जोडल्या, भारत दोन गडी राखून जिंकला. हा पोरगा लाल चेंडूवर टिकेल का, यावर आता तास तास बोलणं होतं, आणि जो तो त्याच्या मागच्या दोन-तीन डावांचे आकडे काढून बसतो. मी अशा वेळी एवढंच विचारतो: पहिल्या तीस चेंडूंपैकी त्याने सोडले किती, आणि सोडलेल्यांतले सोडायलाच हवे होते असे किती?

हे मोजायला कागद-पेन्सिल पुरते. पुढची कसोटी सुरू झाली की एका सलामीवीराचे पहिले तीस चेंडू लिहून काढा: खेळला, सोडला, चुकला, कड लागली. धावा लिहूच नका. तासाभरात तुमच्या हाती अशी माहिती येईल जी धावफलकावर कधीच छापली जात नाही, आणि हाटेलात तुमचा शब्द खोडायला समोरच्यालाही असाच कागद घेऊन यावं लागेल.