व्हिनाइल फ्लोअरिंग टाकताय? आधी जमिनीची ओल तपासा! कोणत्या खोलीत चालेल, कुठे नको, वाचा सविस्तर

तालुक्याच्या गावातल्या टाइल्सच्या दुकानांत आता लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्याही ठेवलेल्या दिसतात. हात लावला तर गुळगुळीत, दिसायला सागवानासारख्या आणि वजनाला हलक्या. दुकानदार सांगतो, "शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे, एका दिवसात घराचा लूक बदलेल." मोबाइलवरचे व्हिडिओही तेच सांगतात. याच मालाला 'लक्झरी व्हिनाइल' म्हणतात.

माल वाईट नाही. पण व्हिडिओतला फ्लॅट तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतो आणि गावातलं घर थेट मातीवर उभं असतं. पावसाळ्यात मातीतली ओल जोत्यातून वर चढते. ही एक गोष्ट विसरली की दोन पावसाळ्यांत पट्ट्या सुटतात आणि पैसे पाण्यात जातात.

पैशाचा विचार तर करावाच लागतो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागातल्या घरकुलाला मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये आहे आणि घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. एवढ्या बजेटमध्ये फरशीवर दोनदा खर्च कुणालाच परवडत नाही.

व्हिनाइल म्हणजे नेमकं काय?

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ज्याचे पाइप आपण शेतात वापरतो त्याच जातीचं प्लास्टिक. पट्टीत थर असतात. खाली आधाराचा थर, त्यावर लाकडाचा किंवा दगडाचा छापील फोटो आणि सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर. या वरच्या थराला 'वेअर लेयर' म्हणतात. पट्टी किती वर्षं टिकणार हे मुख्यतः याच थरावर ठरतं. घरात वापरायला 0.3 मिमी थर ठीक आहे. दिवसभर राबता असलेल्या खोलीला किंवा घरातल्या दुकानाला 0.5 मिमी घ्यावा. दुकानात पट्टीची एकूण जाडी सांगतात, वेअर लेयर आपणच विचारायचा.

बसवायच्या पद्धती दोन. पातळ पट्टी, साधारण 2 ते 3 मिमीची, गोंदाने जमिनीला चिकटवतात. जाड पट्टी, साधारण 4 ते 6 मिमीची, एकमेकींत खटकन अडकवतात. तिला 'क्लिक' म्हणतात. या जाड पट्टीत चुनखडीच्या दगडाची भुकटी असते, म्हणून ती कडक लागते. बाजारात गुंडाळी करून मिळणारं स्वस्त 'पीव्हीसी कार्पेट' हा वेगळा माल आहे. ते पातळ असतं, लवकर फाटतं.

लॅमिनेट गळ्यात पडू देऊ नका

'वूडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली लॅमिनेटही विकलं जातं. दिसायला दोन्ही सारखंच. पण लॅमिनेटच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो. पाणी मुरलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. ओळखायचा उपाय सोपा आहे. दुकानातून नमुन्याचा तुकडा मागा आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी कडा फुगल्या असतील तर तो माल व्हिनाइल नाही.

'वॉटरप्रूफ'चा खरा अर्थ

वॉटरप्रूफ म्हणजे वरून सांडलेल्या पाण्याने पट्टी खराब होत नाही, एवढंच. खालून येणारी ओल ती थांबवत नाही. उलट प्लास्टिक असल्यामुळे ती ओल वर उडून जाऊ देत नाही, खालीच कोंडून ठेवते. मग गोंद मऊ पडतो, कडा उचलतात, कुबट वास येतो, बुरशी धरते. कड उचललेली पट्टी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठेच लागायची जागा. या वयात पडून खुबा मोडला तर दवाखान्याचा खर्च फरशीच्या कितीतरी पट होतो.

म्हणून पट्टी निवडण्याआधी ही चाचणी करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. जमीन झाडून-पुसून कोरडी करा आणि प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. काढल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद पडली, तर ओल आहे. खोलीच्या दोन-तीन ठिकाणी, विशेषतः बाहेरच्या भिंतीजवळ, ही चाचणी करा. उन्हाळ्यात सगळीच जमीन कोरडी वाटते, त्यामुळे खरा निकाल भर पावसाळ्यातच मिळतो.

भिंतीच्या खालच्या हातभर भागाचे पोपडे सुटत असतील, पांढरी पावडर येत असेल, तर ओल आहे हे चाचणीशिवायही समजा. अशा घरात आधी पन्हाळीचं आणि मोरीचं पाणी जोत्यापासून लांब काढा. तळमजल्यावर शहाबादी, कोटा किंवा साधी टाइल सिमेंटमध्ये बसवणंच शहाणपणाचं. दगडाला आणि टाइलला ओलीचा एवढा त्रास होत नाही.

नवीन कोबा केला असेल तर घाई नको. एक इंच जाडीला साधारण एक महिना वाळू द्यायचा, असा ढोबळ हिशेब आहे. शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीवर व्हिनाइल टाकूच नये.

कोणत्या खोलीत काय?

हॉल आणि झोपायची खोली : जमीन कोरडी असेल तर व्हिनाइलसाठी ह्याच सगळ्यात चांगल्या जागा. थंडीत टाइलसारखा पायाला गारठा लागत नाही, पोरं खाली बसून अभ्यास करू शकतात, चालताना आवाज कमी होतो. स्लॅबवरच्या माडीवर जमिनीची ओल पोहोचत नाही, त्यामुळे तिथे काळजी आणखी कमी. फक्त वरचा स्लॅब गळत नाही ना, ते बघा. लोखंडी खाट आणि कपाटाच्या पायांखाली रुंद गुट्टे ठेवा, नाहीतर खड्डे पडतात.

स्वयंपाकघर : गॅस ओट्यावर असेल तर चालेल. सिलिंडर मात्र ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. गरम कढई किंवा तवा खाली ठेवला तर डाग कायमचा. घरात चूल असेल तर त्या खोलीत व्हिनाइल नकोच. निखारा पडला की प्लास्टिक जळतं आणि पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

देवघर : समई, निरांजन, उदबत्ती यांच्या खाली दगडाची किंवा टाइलची फरशी असू द्या.

न्हाणीघर, मोरी, संडास : इथे खरखरीत, न घसरणारी टाइलच घ्या. सतत पाणी आणि उतार असलेल्या जागेत पट्ट्यांचे सांधे टिकत नाहीत.

ओसरी, पडवी, पायऱ्या : थेट ऊन लागतं तिथे रंग उडतो आणि पट्टी तापून फुगते. चिखलाचे पाय, जनावरांचा वावर, अवजारं हे सगळं दगडच सोसू शकतो.

धान्याची खोली : पोती ओढल्याने पट्टी खरवडते. इथे कोबा किंवा शहाबादी पुरेशी.

रंग आणि मांडणी

दुकानाच्या झगमगाटात सगळंच छान दिसतं. दोन-तीन नमुने घरी आणा, सकाळच्या उजेडात आणि रात्री बल्बखाली बघा. त्यातला एक ओला करून अनवाणी पायाने घसरतो का ते तपासा.

लहान खोलीला फिकट रंग घेतला तर खोली मोठी भासते, पण अगदी पांढऱ्यावर प्रत्येक पाऊल उमटतं आणि अगदी गडद रंगावर धूळ दिसते. रंग आपल्या मातीकडे बघून निवडावा. लाल मातीच्या भागात मध्यम तपकिरी, काळ्या मातीच्या भागात मध्यम राखाडी छटा घेतली की रोजची धूळ डोळ्यात खुपत नाही. चकचकीतपेक्षा मॅट पट्टीवर ओरखडे कमी दिसतात.

पट्ट्या खोलीच्या लांबीच्या दिशेने टाकल्या की खोली लांब दिसते. हॉल आणि लागून असलेल्या खोलीत एकच रंग ठेवला तर घर मोकळं वाटतं. भिंतींना आधीच गडद ऑइलपेंट असेल तर फरशी साधी घ्या, दोन्हीकडे नक्षी नको.

माल किती लागेल?

समजा खोली 10 बाय 12 फूट आहे. क्षेत्र झालं 120 चौरस फूट. कापण्यात वाया जाणारा माल 10 टक्के धरला तर 132 चौरस फूट. एका बॉक्समध्ये 20 चौरस फूट माल असेल तर 7 बॉक्स लागतील. उरलेल्या पट्ट्या फेकू नका. पुढे एखादी पट्टी खराब झाली तर तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही. दर विचारताना जमीन लेव्हल करणं, गोंद, कडेची पट्टी, मजुरी आणि गाडीभाडं धरून एकूण किती, हे लिहून घ्या.

बसवताना मिस्त्रीकडे लक्ष ठेवा

सहा फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर ठेवून बघा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन लेव्हल करून घ्या. खड्ड्यावर टाकलेल्या क्लिक पट्टीचे सांधे चालून चालून तुटतात. काळ्या मातीत जोतं हलून कोब्याला दर उन्हाळ्यात भेगा पडत असतील तर तिथे व्हिनाइलचा नाद सोडा.

जुनी टाइल किंवा फरशी घट्ट बसलेली आणि सपाट असेल तर तिच्यावरच काम होतं, उखडायची गरज नाही. मात्र हलणारी फरशी आधी पक्की करा आणि दरजा भरून घ्या. बॉक्स त्याच खोलीत एक-दोन दिवस आडवे ठेवून मगच काम सुरू करा. क्लिक पट्टी भिंतीला टेकवायची नाही. चारही बाजूंनी 8 ते 10 मिमी जागा सोडायची, कारण उन्हाळ्यात पट्टी फुगते. ही फट कडेच्या पट्टीखाली झाकली जाते.

रोजची काळजी

व्हिनाइलचा मोठा शत्रू म्हणजे चपलेबरोबर येणारी वाळू. दारात कापडी किंवा काथ्याचं पायपुसणं ठेवा. खाली रबर असलेलं पायपुसणं नको, रबराने पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पुसायला पिळलेलं फडकं आणि सौम्य साबण पुरे. बादलीभर पाणी ओतून धुवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, कारण सांध्यातून पाणी खाली गेलं की तिथेच साचतं.

सगळं घर एकाच मालाने मढवायची गरज नसते. तळमजल्याला आणि पाण्याच्या जागी दगड-टाइल, माडीवर किंवा कोरड्या खोलीत व्हिनाइल, असा मेळ घातला तर खर्चही आवरतो आणि फरशीही टिकते. शंका असेल तर एक पावसाळा थांबा, प्लास्टिकची चाचणी करा आणि मगच बॉक्स गाडीत चढवा.