धूळपाटीवरचा शिरोडा

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास आठवतात: खांडेकर आणि मीठ. लेखक वि. स. खांडेकर १९२० साली इथल्या शाळेत शिकवायला आले आणि १९३८ पर्यंत इथेच रमले. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. गावातल्या कुणाला ही माहिती वेबसाइटवर घालायची असेल, तर संगणकाचं शिक्षण घ्यायला हवं का?

नव्वदच्या दशकात बहुधा घ्यावंच लागलं असतं. तेव्हा प्रत्येक पान म्हणजे एचटीएमएलची एकेक फाइल. मजकुरातच शीर्षकाच्या, परिच्छेदाच्या खुणा टंकायच्या आणि फाइल सर्व्हरवर चढवायची. एक काना चुकला तरी पुन्हा जाणकाराच्या दारात.

कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमने, म्हणजे सीएमएसने, मजकूर आणि मांडणी वेगळी केली. लिहिलेलं सारं डेटाबेसमध्ये जातं, रंगरूप साच्यात राहतं. वाचक पान उघडतो तेव्हा सॉफ्टवेअर दोन्हींची सांगड घालतं. साचा बदलला की शेकडो पानांचं रूप पालटतं, मजकुराला हातही लागत नाही.

अशाच एका सीएमएसची, वर्डप्रेसची, पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली. त्याच महिन्यात, १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्यातले मराठी शब्द मोठे झकास आहेत. सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’, सदस्यांच्या गप्पांच्या जागेला ‘चावडी’. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवणाऱ्या पिढीला यात काही समजावून सांगावं लागलं नसतं.

लिहिणाऱ्याने ‘संपादन’वर टिचकी द्यायची, मजकूर घालायचा, झलक पाहायची आणि बदल प्रकाशित करायचा. विकिपीडियावर सहसा मध्ये संपादक नसतो. पण कुणी काय बदललं याची नोंद ‘इतिहास’मध्ये राहते आणि खोडसाळ बदल उलटवता येतो. वर्डप्रेसची रीत वर्तमानपत्राच्या कचेरीसारखी. तिथे ‘कॉन्ट्रिब्यूटर’ला फक्त मसुदा लिहिता येतो, छापायचा की नाही ते संपादक ठरवतो.

मराठी माणूस अडतो तो भलतीकडेच. शाळेच्या स्मरणिकेचा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून चिकटवला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. आधी त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि मग जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. ही कटकट कुठल्याही सीएमएसने मिटवलेली नाही.

दुसरी अडचण हक्कांची. खांडेकर शिरोड्याचे म्हणून त्यांची कथा उचलून साइटवर घालता येत नाही. ते १९७६ साली वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०३६ च्या अखेरपर्यंत. मिठागराचा स्वतः काढलेला फोटो मात्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर आजही चढवता येतो. फक्त मुक्त परवान्याला संमती द्यावी लागते आणि त्यानंतर तो कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो.